नवसूअण्णांची बारा दारं

बारा खोल्या तयार होत्या. घड्या घालून, दोरीनं आवळून शेडच्या मागच्या भिंतीला एकावर एक रचल्या होत्या आणि उद्या सकाळी नऊला मुंबईची गाडी येणार होती. दुसऱ्या कुठल्या घरात अशा दिवशी पेढे आणले असते. लोणीच्या ह्या घरात सकाळपासून कुणी कुणाशी धड बोललं नव्हतं, आणि जे काही बोलणं झालं ते स्वयंपाकघरातल्या भांड्यांनी केलं होतं.

सुप्रिया शेततळ्याच्या कडेला पाय पसरून बसली होती. तिला ह्या घडीला कुणी विचारलं असतं की बाई, तुला काय हवंय, तर तिनं झोप मागितली असती. चार महिने ती पहाटे पाचला उठून कापड बेतत होती आणि दुपारभर गरम हवेच्या मशीनपुढे वाकून जोड मारत होती. कंबर आता स्वतःची वाटत नव्हती. आणि इतकं करून जे बनलं होतं, त्याच्यात काल तिचा स्वतःचा जीव जायची वेळ आली होती.

खोली हे घरातलं नाव. मुंबईहून ऑर्डर देणाऱ्या श्रेया मॅडमच्या कागदावर त्याला लांबलचक इंग्रजी नाव होतं. ते फक्त तिचे भाया, थोरले दीर दादाभाऊ, उच्चारायचे आणि दर वेळी वेगळं उच्चारायचे. यॉटवर जे श्रीमंत पाहुणे येतात, त्यांची लेकरं भर समुद्रात पाण्यात उतरायचा हट्ट धरतात. त्यांच्यासाठी यॉटच्या मागं बांधायचं हे खेळणं. चारी बाजूंनी हवेचे जाड नळे, वर हवेच्याच कमानींवर ताणलेलं सावलीचं कापड, आणि बाजूंनी व खालून जाळी. लेकरू वाहून जाणार नाही, जेलीफिश आत शिरणार नाही. जायला-यायला जाळीचंच एक दार.

शेततळ्याचा प्लॅस्टिकचा कागद जोडून द्यायचा धंदा दादाभाऊ आणि तिचा नवरा गोरक्ष ह्या दोघा भावांचा. खेळण्यांचं खूळ मात्र सुप्रियाचं. मंचरला शिवणक्लास केलेला. सपाट कापडातून अंगाला बसेल असा गोलावा कसा काढायचा हे तिला ब्लाउजांनी शिकवलं होतं, आणि हवेच्या नळ्याचं तरी दुसरं काय असतं.

जाळी होती सासऱ्यांची. नवसूअण्णांनी पन्नास वर्षं मेंढरं राखली आणि पन्नास वर्षं वाघूर बांधली. वाघूर म्हणजे बिबट्यापासून राखायला मेंढरांभोवती लावायची दोरीची जाळी. तीन वर्षांपूर्वी मेंढरं विकली, तेव्हापासून म्हातारा घरात पाहुण्यासारखा वावरत होता. ताटात पडेल ते खायचा, कुणालाही शिवी द्यायचा नाही. घरच्यांना त्याचीच भीती वाटायला लागली होती. मग सुप्रियानं खोलीची जाळी विणायचं काम त्यांच्यापुढं टाकलं. आठ दिवसांत अण्णा भाकरी करपली म्हणून ओरडले आणि सगळ्यांना हायसं वाटलं.

पण दाराची गाठ त्यांनी बाहेरून घेतली.

वाघरीची गाठ बाहेरच असते. आत ठेवली तर मेंढरू ती चघळत बसतं. बाहेर धनगर झोपलेला असतो, तो सकाळी सोडतो. सुप्रियाच्या कागदावर आतून आणि बाहेरून दोन्हीकडून ओढता येईल अशी कडी काढलेली होती. अण्णांनी कागद डोळ्यांपासून लांब धरून पाहिला, "बरं" म्हणाले आणि जन्मभर बांधत आले तसं बांधून मोकळे झाले. एक दार नाही, बाराच्या बारा.

काल सुप्रिया चाचणीला आत उतरली. मॅडमच्या यादीत स्वच्छ लिहिलं होतं की एका बाजूची हवा गेली तर आतल्या माणसाला बाहेरच्या मदतीशिवाय तीस सेकंदांत बाहेर पडता आलं पाहिजे. तिनं आतूनच बूच काढलं. कमान वाकली, ओलं कापड डोक्यावर बसलं, नळा पाण्याखाली गेला आणि तिची बोटं जाळीतून नुसतीच गाठीला लागत राहिली. काठावर सासूबाई हरभरा सोलत होत्या म्हणून निभावलं. बानूबाई लुगड्यासकट पाण्यात आल्या, गाठ सोडली, सुनेला ओढून काढलं आणि पहिलं वाक्य बोलल्या ते हे: "ह्यास्नी सांगू नगंस."

आज म्हणूनच अण्णांना राजुरीला साखरपुड्याला धाडलं होतं.

"हे बघ," दादाभाऊ मोबाईल काठीवर बसवत म्हणाले, "दार नुसतं लोटून ठिवायचं. गाठ मारायचीच न्हाई. तू आत जा, गोरक्ष हवा सोडंल, तू दार ढकलून भायेर. संपलं. इडिओ सहाच्या आत मॅडमला गेला पायजे."

"आन् समुद्रात गाठ मारल्याव?" सुप्रिया म्हणाली.

"तिथं त्यांची मानसं असत्यात की. लाईफगार्ड का काय ते. भायेरनं सोडत्याल."

"भाऊ, तो मानूस आधी वरनं उडी मारनार, पवत येनार, कापडाखाली गाठ हुडकनार. पाच-सा वर्साचं पोरगं तवर काय करंल?"

"तू लई म्होरचं बघती बग."

"चाचनी केली म्हनून यादीखाली माजं नाव लिवायचंय. मी न्हाई बघायचं तर कोन बघनार?"

दादाभाऊंनी मोबाईलकडे पाहिलं. ते काही काळजाचे दगड नव्हते. धाकट्या भावजयीच्या कामाचं ते गावभर कौतुक सांगत फिरायचे. फक्त सांगून झालेल्या गोष्टीत पुन्हा बदल करणं त्यांना जमत नसे. गाडी उद्या येणार हे त्यांनी अर्ध्या लोणीला सांगितलेलं होतं.

थोरली जाऊ जया ब्लोअरची वायर सोडवत होती. ती वायर खाली टाकून जवळ आली. "सुप्रिया, पोराचं तू बोलतीस ते खरं हाय. पर अण्णांचं काय? चार म्हयन्यात मानूस मानसात आलाय. बाराच्या बारा दारं चुकली म्हनून तू सांगशील आन् जाऊन मशीनवर बसशील. कोपऱ्यात तोंड फिरवून बसलेल्या म्हाताऱ्याम्होरं ताट घिऊन हुबी ऱ्हाते ती मी, ही जया. तीन वर्सं मीच हुबी ऱ्हायले."

हे खरं होतं, आणि खरं होतं म्हणूनच सुप्रियाला जास्त दमल्यासारखं झालं. भांडायला खोटं बोलणारं माणूस लागतं. जयाताई खोटं बोलत नव्हत्या.

तिनं गोरक्षकडे पाहिलं. गोरक्ष वाईट नवरा नव्हता. तो दोन्हीकडचं ऐकून घेणारा माणूस होता आणि ऐकून घेता घेता संध्याकाळ करायचा.

"मला काय वाटतं," तो म्हणाला, "ही खेप जाऊ द्यावी. म्होरच्या खेपेला आपन गुपचूप कडी बसवू. अण्णांना म्हनायचं, मॅडमलाच तशी पायजे."

"आन् ह्या बारा?"

गोरक्षनं हवेचं बूच उगाचच घट्ट केलं.

"आत्या, तुमी तरी बोला," सुप्रिया म्हणाली. "काल तुमीच काढलं मला."

बानूबाई हरभऱ्याची टोपली घेऊन कालच्याच जागी बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही. "मी काय बोलनार? मला काय इचारून केलंय का कुनी ह्या घरात कवा?" त्या म्हणाल्या, आणि हे कुणाच्या बाजूनं धरायचं ते कुणालाच कळलं नाही.

तेवढ्यात बांधाआड मोटरसायकल थांबली. पाठोपाठ फेटा दिसला. नवसूअण्णा पाचच्या आत परत यायचे नव्हते. आत्ता साडेतीन वाजत होते.

"तुमी इतक्यात कसं आलं?" जयाच्या तोंडून निघून गेलं.

"जेवान झालं. मंग काय तिथं बसून नवरीचं तोंड बघू?" अण्णा खाली उतरले. पाण्यावर तरंगणारी खोली पाहून त्यांचा चेहरा जरा खुलला. निळ्या कापडाखाली त्यांची पांढरी जाळी उन्हात नवीकोरी दिसत होती. "इडिओ काढताय व्हय? मंग माज्याबिगर? जाळी काय तुमच्या मॅडमनं इनली?"

"काढतच व्हतो," दादाभाऊ म्हणाले.

"आन् दार असं लटकतंय कसं? येड्याचा बाजार. समुद्रावरची मानसं बघनार, म्हनत्याल बांधायचं इसरलं." असं म्हणत त्यांनी धोतर खोचलं, कडेच्या दोराला धरून गुडघाभर पाण्यात उतरले आणि खोली स्वतःकडे ओढून दाराची गाठ मारायला लागले. दोन वेढे, एक पीळ, टोक खालून वर. अंगठा आता नीट वाकत नव्हता, म्हणून शेवटचा पीळ ते दातानं आवळायचे. गाठ मारून त्यांनी मागं सरकून पाहिलं, मोबाईलकडे पाहिलं आणि चक्क फेटा सारखा केला.

सुप्रियाला रडू आलं. ते तिनं गिळलं. आता नाही बोललो तर आपण कधीच बोलणार नाही, आणि कुठल्यातरी समुद्रात कुठलंतरी लेकरू ह्या गाठीला बोटं लावत राहील, हे तिला इतकं स्पष्ट दिसलं की पुढचं वाक्य तिनं ठरवून म्हटलंच नाही.

"मामा, ती गाठ आतनं सुटत न्हाई."

"आतनं कशापायी सोडायची?"

"आत लेकरू असतंय."

"मंग? लेकरानं भायेर जाऊ नये म्हनून तर जाळी." अण्णांनी समजावून सांगितलं. सुनेला एवढंही कळू नये ह्याचं त्यांना आश्चर्य वाटलं होतं.

"एका अंगाची हवा गेली तर जावंच लागतंय. कापड डोक्यावर येतंय. काल मी आत व्हते. मला न्हाई सुटली."

दादाभाऊ खाली बघत होते. जयानं पदराचं टोक तोंडात धरलं होतं. अण्णांनी एकेकाकडे पाहिलं, मग पुन्हा सुनेकडे.

"तुला न्हाई सुटली," ते म्हणाले. "गाठ माजी हाय. मला सुटंल."

आणि फेटा काढून त्यांनी बांधावर ठेवला. मग सदरा.

"अवं, वय काय, करताय काय!" बानूबाई टोपली टाकून उठल्या. "दादाभाऊ, धर की रं त्यांना! गोरक्षा!"

दोघांपैकी कुणीच धरलं नाही. नवसूअण्णांना त्यांनी काही करायला निघाल्यावर धरलेलं माणूस अजून त्या घरात जन्मलं नव्हतं. पोहायला ते विहिरीत शिकलेले, बहात्तराव्या वर्षीही पाण्यात हलके होते. प्रश्न पोहण्याचा नव्हताच.

"मी दाराशी थांबनार," सुप्रिया म्हणाली. "भायेरनं. गाठीवर हात ठिवून. ते मान्य आसंल तर उतरा."

"थांब की. कोन नगं म्हनतंय?"

दाराची गाठ सोडून ते आत गेले आणि सुप्रियानं बाहेरून गाठ मारली, अगदी त्यांनी दाखवली होती तशीच, दातानं पीळ आवळून. तिला ती चांगली येत होती. गळ्यापर्यंतच्या पाण्यात काठावरचा दोर डाव्या हातात धरून ती उभी राहिली आणि उजव्या हातात तिनं गाठीचं टोक पकडलं. जाळीच्या पलीकडे हातभर अंतरावर सासऱ्यांचा चेहरा होता. इतक्या जवळून तिनं तो सतरा वर्षांत कधी पाहिला नव्हता.

"सोड रं," अण्णा ओरडले. गोरक्षनं बूच काढलं.

हवा फुसफुसत बाहेर पडली. आधी काहीच झालं नाही. अण्णा हसलेसुद्धा. मग उजवीकडची कमान झुकली, कापड पाण्याला टेकलं, भिजून जड झालं आणि एकदम त्यांच्या डोक्यावर आलं. त्या बाजूचा नळा खाली गेला तशी जाळी सैल पडून त्यांच्या खांद्यांना गुंडाळली. काठावर दादाभाऊ मोठ्यानं आकडे मोजायला लागले.

अण्णांची बोटं दाराशी आली. जाळी त्यांनी फार नेकीनं विणली होती. लेकराची मूठ बाहेर जाऊन अडकू नये एवढं बारीक भोक. त्यातून त्यांची बोटं दोन पेरांपर्यंतच बाहेर येत होती. गाठ त्यांना लागत होती. ती कुठून कुठे जाते हे जगात त्यांच्याएवढं कुणाला ठाऊक नव्हतं. त्यांनी वरचा पीळ चाचपला, खालचा चाचपला, टोक शोधलं. टोक सुप्रियाच्या हातात होतं. ते तिनं पुढं केलं असतं तरी त्या दोन पेरांनी त्यांना ते ओढता आलं नसतं.

"नऊ... धा..."

त्यांनी दुसरा हात आणला. तोंड पाण्याखाली गेलं, वर आलं, कापडाला लागून पुन्हा खाली गेलं. सुप्रिया वाट बघत होती की ते म्हणतील, सोड. त्यांना तिनं तेवढा मान ठेवायचं ठरवलं होतं. डोळे दिसत होते त्यांचे. ते गाठीकडे नव्हते बघत आता, तिच्याकडे बघत होते, आणि तरी म्हणत नव्हते.

"सोळा... सतरा..."

"सोडव गं!" बानूबाई किंचाळल्या.

सुप्रियानं टोक ओढलं. दार उघडलं आणि म्हातारा तिच्या अंगावर आला.

काठावर त्यांना बसवलं. खोकल्याची उबळ ओसरेपर्यंत गोरक्ष पाठ चोळत होता. जयानं शेडमधून चादर आणून खांद्यावर टाकली. अण्णांच्या बोटांवर जाळीचे लाल वळ उठले होते. सुप्रियाच्या बोटांवर कालपासून होते, तसेच.

"मी सोड म्हनलो न्हवतो," अण्णा म्हणाले.

"न्हाई म्हनला," सुप्रिया म्हणाली.

"कितीक झालं?"

"अठरा सेकंद," दादाभाऊ म्हणाले.

"मला लई वाटलं." त्यांनी चादर गळ्याशी ओढली. "दादाभाऊ, फोन लाव त्या बाईला. उद्या गाडी नगं म्हनावं. दारं चुकल्यात म्हनून सांग. कुनाकडनं चुकली इचारलं तर माजं नाव सांग."

दादाभाऊ फोन घेऊन बांधावरून लांब गेले. तिकडे त्यांचं येरझाऱ्या घालणं दिसत होतं, हात हलवणं दिसत होतं. दहा मिनिटांनी ते परत आले. "चिडली. पर आठ दिस देते म्हनली. दारं करून, नवा इडिओ काढून पाठवा म्हनली. त्याच्या म्होरं झालं तर दुसरीकडनं घेनार."

आठ दिवस. बारा दारं. सुप्रियानं मनात हिशेब मांडला आणि तिला पुन्हा ती झोप आठवली.

"बरं," अण्णा म्हणाले. मग सुनेकडे वळले. आवाज चढलेला नव्हता, आणि त्यामुळेच ती सावध झाली. "तुला कालच कळलं?"

खोटं बोलायला हरकत नव्हती. काल म्हटलं असतं तर चाललं असतं.

"न्हाई मामा. पयलं दार बांधलं त्याच दिवशी कळलं. वाटलं व्हतं, चाचनीत निभंल. मंग वाटलं, दुसऱ्या दाराला सांगू. मंग तिसऱ्या."

"चार म्हयनं झालं त्याला."

"व्हय."

"मलाबी कळलं व्हतं," गोरक्ष पाठीवरचा हात न थांबवता म्हणाला. "कमानी बसवताना. वाटलं, सुप्रियानं कायतरी इचार केला आसंल."

सुप्रियानं चमकून नवऱ्याकडे पाहिलं. इतके दिवस एका गादीवर झोपून दोघं एकच गोष्ट एकमेकांपासून लपवत होते.

"मी दिवाळीनंतर एकदा आतनं गाठीला हात लावून बघितला व्हता," जया हळूच म्हणाली. "मला वाटलं मला एकलीलाच कळत न्हाई. मी काय शिकलेली न्हाई."

दादाभाऊ अजून फोन हातात घेऊन उभे होते. त्यांनी तो खिशात घातला, तेवढ्यानं काय ते कळलं.

नवसूअण्णा पाण्याकडे बघत बसले. एका अंगावर कलंडलेली खोली शेततळ्याच्या पाण्यावर हलत होती. त्यांनी मुलांकडे पाहिलं, सुनांकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर राग शोधला असता तर सापडला नसता. राग असता तर सगळ्यांना सोपं गेलं असतं.

"सा मानसांचं घर," ते म्हणाले. "मी बारा दारं बांधली. एक झालं, दोन झाली, सा झाली. समद्यांनी बघितलं. आन् एकालाबी वाटलं न्हाई की म्हाताऱ्याला सांगावं." त्यांनी बोटांवरचे वळ चोळले. "मी एवढा वंगाळ हाय व्हय?"

सुप्रियाच्या तोंडावर आलं होतं की नाही हो मामा, तसं काही नाही. जयाच्याही आलं असावं. सतरा वर्षं, बावीस वर्षं त्या दोघी हेच म्हणत आल्या होत्या आणि म्हणूनच हा दिवस आला होता. दोघी गप्प राहिल्या.

बानूबाई शेडमध्ये गेल्या आणि खोलीची एक घडी ओढत बाहेर घेऊन आल्या. बरोबर कापड कापायची मोठी कात्री. नवऱ्यासमोर फतकल मारून त्यांनी घडीची दोरी सोडली, जाळीचं दार हुडकून काढलं आणि गाठीपाशी कात्री लावली.

"व्हय, हायसा," त्या म्हणाल्या. "धरा हितं. ताणून धरा, मला नीट कापता येऊ द्या."

नवसूअण्णांनी चादरीतून दोन्ही हात बाहेर काढले आणि जाळी ताणून धरली.